गिझरचा पॉइंट तापतो, तरी एमसीबी का पडत नाही?

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सॉकेट तापण्याचा मी उगाच बाऊ केला, काही बिघडलं तर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतोच, तुमची इस्त्री कित्येक वर्षं 6 अँपिअरच्या पॉइंटवर बिनतक्रार चालते, आणि गिझरचा एमसीबी सारखा पडायचा, तो वायरमनने 32 अँपिअरचा करून दिल्यापासून तीही कटकट मिटली.

इस्त्रीचं मान्य. 1000 वॉटची इस्त्री 230 व्होल्टवर जेमतेम 4.3 अँपिअर घेते. पॉइंट घट्ट असेल तर त्याला ते सहज झेपतं.

पण एमसीबीवरचा तुमचा भरवसा मला पटत नाही. एमसीबी फक्त करंट किती वाहतोय ते बघतो. 2000 वॉटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो. आता सॉकेटमागचा स्क्रू सैल झाला किंवा आतल्या पितळी पट्टीचा ताण गेला, आणि तिथे 0.2 ओहमचा रोध तयार झाला असं धरा. गिझरचा स्वतःचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास, त्यात ही भर पडल्यावर करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. त्याच वेळी त्या एका टोकावर सुमारे 15 वॉट उष्णता तयार होत असते. सोल्डरिंगची लहान गन 25 वॉटची असते, म्हणजे तिच्या निम्म्याहून जास्त ताप प्लॅस्टिकच्या बंद डबीत. 16 अँपिअरच्या एमसीबीला यात वावगं काहीच दिसत नाही. आरसीसीबीलाही नाही, कारण तो करंटची जमिनीकडे होणारी गळती शोधतो आणि इथे गळती नाहीच. पुढे तापाने पट्टी आणखी ढिली पडते, धातूवर काळा थर चढतो, रोध वाढतो आणि ताप वाढतच जातो.

म्हणून बघायचं ते प्लगकडे. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालवा, स्विच आणि एमसीबी दोन्ही बंद करा, मग प्लग काढा. पिना कोमट असतील तर ठीक. बोट टेकवत नसेल तर तो पॉइंट वापरू नका. रंगही पाहा: अर्थिंगची जाड पिन चकचकीत आणि खालच्या दोघींपैकी एकच तपकिरी पडलेली असेल, तर दोष बहुधा त्याच बाजूच्या पकडीत आहे. जळक्या प्लॅस्टिकचा, कधी चक्क मासळीसारखा वास येतो, तोही याच जातीचा. (पिनेची फट स्क्रूड्रायव्हरने फाकवून प्लग ‘घट्ट’ करणारे महाभाग घरोघरी आहेत. कृपया नको.) बदलायचं झालं तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, जळकी पिन नवी पट्टीही खराब करते. वायरचं काळं पडलेलं टोक कापून स्वच्छ तांब्यावर स्क्रू आवळून घ्या.

आता तुमचा 32 अँपिअरचा एमसीबी. खरी काळजी मला त्याचीच वाटते. मागे अडीचची (2.5 चौरस मिमी जाडीची) वायर असेल, तर इतका करंट सतत वाहून नेण्यासाठी ती नाही. ती तापेल आणि एमसीबी बघत बसेल. शिवाय 8.7 अँपिअरचा गिझर 16 च्या एमसीबीला पाडतोच का? हीटिंग कॉइल खराब असू शकते, त्याच लाइनवर वॉशिंग मशीन असू शकतं, किंवा एमसीबीचा स्वतःचाच स्क्रू सैल असू शकतो. तिथला ताप त्याच्या आतल्या द्विधातू पट्टीला लागतो आणि करंट जास्त नसतानाही तो पडतो. लूज कॉन्टॅक्ट एमसीबीला कळण्याची ही एवढीच जागा, आणि नेमका तोच एमसीबी तुमच्याकडे बदलला गेला.

वायरमनला परत बोलवा. मेन बंद करून डीबीतले (एमसीबी बसवलेल्या पेटीतले) सगळे स्क्रू आवळायला सांगा, वायर कोणती आहे ते विचारा. अडीचची निघाली तर 16 चा एमसीबी परत बसवून घ्या. तरीही पडला, तर पुढचा फोन गिझरवाल्याला.