गडकऱ्यांचं बंड फुकट गेलं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 1844 चं गडकऱ्यांचं बंड आपल्या जमिनी वाचवण्यासाठी होतं, त्याला स्वातंत्र्याचा मुलामा देऊ नये. त्या बंडानं नुकसानच झालं, तुमच्या घराण्याची वंशपरंपरागत जमीनही त्यातच गेली. आणि एकूणच बंडवाले एकतर मरतात नाहीतर खुर्चीत बसतात. मग कोल्हापूरच्या टोलच्या आंदोलनापर्यंत सगळ्यालाच ‘लढा’ म्हणून डोक्यावर का घ्यायचं?

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण माझा खरा मतभेद तिथंच आहे. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी माणसं. गडाला लावून दिलेल्या जमिनींवर त्यांचा संसार चालायचा. 1838 मध्ये कोल्हापूरचे छत्रपती शहाजी वारले. गादीवर आलेले बाबासाहेब लहान होते, कारभार विस्कटला आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांना कारभारावर नेमलं. पंडितांनी घडी बसवायला घेतली. गडांच्या जमिनींची व्यवस्था वेगळी चालायची, ती मोडून त्यांनी मामलेदारांच्या हाती दिली. कागदावर बघितलं तर ही कारभारातली साधी दुरुस्ती. जमीन कुणाचीच काढून घेतली नव्हती. पण गडावरच्या माणसाला पुढचं दिसलं: आज व्यवस्था मामलेदाराकडं, उद्या जमीन सरकारजमा. ज्या भरवशावर आजा-पणजानं पहारे दिले, तो भरवसा त्याला न विचारता कुणीतरी मोडला होता. 1844 च्या पावसाळ्यात सामानगडाचे दरवाजे लागले, पाठोपाठ भुदरगडाचेही.

यात पोटाचा प्रश्न कुठं संपला आणि हक्काचा कुठं सुरू झाला, हे तुम्ही मला वेगळं करून दाखवाल का? मला तरी ते करता येत नाही. नुसती उपासमार झाली तर माणूस गाव सोडतो, जगायला बाहेर पडतो. तो उठतो तेव्हा ‘हे माझं होतं आणि ते लबाडीनं घेतलं जातंय’ असं त्याला वाटत असतं. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते काय मागत होते? कर्जखतं. कर्जाचे कागद हातात पडले की ते जाळायचे, आणि ज्यानं कागद मुकाट्यानं दिले त्याला बहुतेक ठिकाणी मारहाणही झाली नाही. आपल्याला कशानं बांधलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. अपुरा होता, पण आला. त्या माणसांना कुणी स्वार्थी म्हणावं, हे मला पटत नाही. आपल्या जमिनीसाठी उभं राहणं हलकं आणि अमूर्त तत्त्वासाठी उभं राहणं थोर, ही प्रतवारी सहसा जमीन न गेलेले लोक लावतात. तुमच्या घराण्याची तर गेली आहे!

नुकसानीबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. लेखातही मी ते झाकलेलं नाही. बेळगावाकडून फौज आली, 13 ऑक्टोबरला सामानगड पडला, 1 डिसेंबरला पन्हाळा. गडकऱ्यांची शिबंदी मोडली, गडांची तटबंदी पाडली, आणि या सगळ्याचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्या माथी मारला. म्हणजे ज्यांनी दरवाजे लावले आणि ज्यांनी लावले नाहीत, दोघांनीही भरला. पन्हाळ्याला आपली एसटी जिथनं वर शिरते तिथं चार दरवाजा होता. आज दरवाजा शोधायला गेलात तर रस्ता सापडतो. माझ्या लेखी हा दरवाजा बंड फसल्याचा सगळ्यांत उघड पुरावा आहे. तिथनं हजारो पर्यटक जातात आणि एक पाटीसुद्धा वाचायला थांबत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पण ते का फसलं, हा प्रश्न तुम्ही सोडून दिलात. माझं उत्तर असं आहे की प्रत्येक गड आपापल्या दरवाजाआड लढला. दरवाजा लावायचं धाडस होतं. त्यानंतर काय मागायचं, कुणाशी बोलायचं, गडाखालच्या गावांना बरोबर कसं घ्यायचं, याची तयारी नव्हती. 1857 मध्येही कोल्हापुरात तसंच झालं. 31 जुलैला इंग्रजांच्या 27 व्या पलटणीचे शिपाई उठले तेव्हा शहर त्यांच्यामागं उभं राहिलं नाही. डिसेंबरात शहराचे दरवाजे लागले तेव्हा ती पलटण राहिली नव्हती. इंग्रज अधिकारी जेकबनं त्याच दिवशी वेस फोडली. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब, त्यांना कराचीला नेलं, ते तिथंच वारले. चार महिन्यांच्या अंतरानं दोन उठाव, आणि दोन्ही एकटे.

आता याच्या शेजारी 1942 ठेवून बघा. कोल्हापुरात गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो भर चौकात विद्रूप केला. पुढच्या वर्षी तो फुटला आणि 1945 मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. तोच आपला शिवाजी चौक. मधल्या काळात, डिसेंबर 1942 मध्ये, गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण गोळीबारात पडले. 1844 च्या हिशेबानं सगळं तिथंच संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण 1939 पासून प्रजा परिषद ही संस्थानातल्या प्रजेची संघटना गावागावांत काम करत होती. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही माणसं सभा घेत होती, शेतसाऱ्याबद्दल बोलत होती, जबाबदार राज्यपद्धती मागत होती. माणूस पडला तरी मागणी सांभाळायला मागं कुणीतरी होतं. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामागं ही वर्षानुवर्षांची कंटाळवाणी मेहनत आहे. पोवाडे गोळीबारावर होतात, सभांच्या इतिवृत्तावर होत नाहीत. पण उठावाचं पुढं काय होतं ते त्या इतिवृत्तांवरच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

‘शेवटी खुर्चीतच बसतात’ हेही खरं आहे. रत्नाप्पा अण्णा भूमिगत होते, मग घटना समितीत गेले, मग त्यांनी पंचगंगा साखर कारखाना उभा केला. त्या पिढीनं उभ्या केलेल्या सहकारातून पुढं कारखान्यांचे चेअरमन नावाची एक नवी सत्ता तयार झाली, आणि तिच्याविरुद्ध शिरोळ-हातकणंगल्याचा ऊस उत्पादक रस्त्यावर उतरला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतनं दराची मागणी व्हायची आणि ती मान्य होईपर्यंत कोयता थांबायचा. त्या चळवळीतनंही कुणी खासदार झालं, कुणी मंत्री झालं. तुम्हाला यात फसवणूक दिसते. मी वेगळा प्रश्न विचारतो: नव्या खुर्चीविरुद्ध उठता येतं का, आणि त्याची किंमत काय पडते? 1844 मध्ये दरवाजा लावला की तोफ यायची. आज ट्रॅक्टर अडवला की जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक लागते. नेहमीच नाही, 2012 मध्ये वसगड्यात ऊस आंदोलनात गोळीबार झाला आणि एका शेतकऱ्याचा जीव गेला, तो विसरून चालणार नाही. तरीही बैठक लागण्याची ही सवय सरकारनं आपणहून लावून घेतलेली नाही. आधीच्या प्रत्येक उठावानं ती थोडी थोडी लावली.

राहता राहिला टोल. शहरातले रस्ते करून टोल घेणाऱ्या कंपनीला शेवटी सरकारी तिजोरीतनंच पैसे मिळाले, मग जिंकलं कोण, असं तुम्ही विचारता. पैसे गेले हे खरं. पण टोलविरोधी कृती समितीनं ‘टोल देणार नाही’ एवढंच म्हटलं नव्हतं. कुठल्या रस्त्याची गटर अपुरी, फुटपाथ कुठं झालाच नाही, हे ती दाखवत राहिली. कामाचं फेरमूल्यांकन करायला लावलं. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस त्या वयात उन्हात मोर्चात चालला, समितीत सगळे पक्ष एका सतरंजीवर बसले, बैठका चालूच राहिल्या, आणि 2015 संपता संपता टोल रद्द झाला. रस्त्याचं काम मोजून घ्यायचा अधिकार शहराला आहे, हे कुणी आपणहून दिलं नव्हतं. ते कोल्हापूरकरांनी मिळवलं.