सूर्याक बारा नावां

हातावरचे फोड अजून ताजे आहेत, तोवर लिहून टाकतो.

डॉक्टरांनी मान आणि कंबर तपासली, मग माझा एकूण स्वभाव बघितला आणि म्हणाले, रोज सकाळी योगासनं करा, शरीर हलकं होईल, मनही शांत होईल. घरात जागा नाही. म्हणून सतरंजी घेऊन मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो.

इथे पहिली अडचण म्हणजे सूर्य. सूर्यनमस्कार पूर्वेला तोंड करून घालायचे, आणि आमचा समुद्र पश्चिमेला. म्हणजे एवढा देखणा दर्या पाठीमागे ठेवून मी लोकांच्या मागीलदाराला आणि वाळत घातलेल्या लुंग्यांना नमस्कार करणार. त्यात सूर्य आधी सह्याद्री चढून येणार, मग माडांतून वाट काढणार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रचार केला, पण औंध पडलं घाटावर, तिथे सूर्य वेळेवर हजर. आणि योग दिन? संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून ठरवून टाकला, कोकणात कोणाला विचारलं नसावं. त्या दिवशी इथे उघड्यावर शवासन घातलं तर माणूस वाहून जाईल. तरी जवळच्या एका रिसॉर्टच्या पाटीवर ‘समुद्रकिनारी सनराइज योगा’ लिहिलंय, आणि पाहुणे पैसे मोजून समुद्रात सूर्य उगवायची वाट बघत बसतात. असो.

मी पादहस्तासनात होतो. गुडघे न वाकवता हात जमिनीला टेकवायचे असतात, माझे अजून नडगीपर्यंतच पोचतात. तेवढ्यात उपड्या होडीवरून आवाज आला.

“काय रे, काय सांडला काय तुजा? मगाशीधरना वाकान वाकान सोधतंस.”

रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे आबा. तोंडात तंबाखू, डोक्याला टॉवेल. त्यांची होडी जाळं घेऊन वळसा घालायला गेली होती आणि दोर किनाऱ्याला येईस्तोवर त्यांना काही उद्योग नव्हता.

“सूर्यनमस्कार घालतोय, आबा.”

आबांनी डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“सूर्य खंय हा?”

“येईल आता.”

“मगे येवंदे मरे त्येका. घरात माणूस नाय आणि तू दारात नमस्कार घालतंस. किती घालतंस?”

“बारा. सूर्याची बारा नावं आहेत. मित्र, रवी, सूर्य, भानू...”

“बारा?” आबा होडीवरून खाली उतरले. “आमच्या झिलाची दोन आसत. रेशनकार्डार एक, आधारार दुसरा. तां एक करूक तालुक्याक जावन जावन माजी चपला झिजली. सायब म्हणता, दोन नावां म्हणजे दोन माणसां. आणि सूर्याक बारा? त्येका कोण इचारणा नाय?”

मी उत्तर न देता भुजंगासनात गेलो. दाढीला वाळू लागली. आबांचं चालूच. हिरण्यगर्भ हे नाव त्यांना पटलं नाही, लांबलचक, अर्जात मावायचं नाही. पूषन् म्हणजे कोणाचा, कुडाळचा काय? मग मी मन शांत करायला कपालभाती सुरू केली. चार फटके श्वास बाहेर टाकतो न टाकतो तोच, “मुरडा इलो काय? ओवो खा.” भोवती तीन कुत्रे आणि दोन पोरं जमली. मन कसलं शांत होतंय!

एवढ्यात दोर आला. आबा म्हणाले, “व्यायामच होयो मां तुका? ह्यो धर. पोट जातला, कंबर सुटतली, बारा नावां घेवची गरजच नाय.”

रापण ओढायची म्हणजे दोन बाजूंना दोन रांगा, ओला दोर, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकायचं. माझ्या पुढच्या बाईचं वय साठीच्या पुढचं असेल, तिला घामही आला नाही. माझे तळहात सोलले. जाळं आलं तेव्हा त्यात थोडे बांगडे, बरेचसे पेडवे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेऊन मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे म्हणतात, पण रात्री समुद्र पेटल्यासारखा दिसतो तो काय दिवाळीने? मग किनाऱ्याला येणार काय, पिशव्याच.

वाटे पडले. ओढणाऱ्यांचे, जाळ्याचे, होडीचे. पुण्याच्या एका पाहुण्याने फोटोपुरता दोर हातात धरला होता, त्यालाही दोन बांगडे. मी सतरंजी काखेत मारून उभाच.

“आबा, माझा वाटा?”

“तुजो कसलो? तू व्यायामाक इललंस.”

“आणि तो?”

“तो पावणो!”

म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथे राहिलो हाच माझा गुन्हा. पाहुणा असतो तर बांगडे मिळाले असते, वर कोणीतरी शहाळंही पुढे केलं असतं.

घरी रिकाम्या हाताने जाणं शक्य नव्हतं, बायकोला फोनवर “मासे घेऊन येतो” सांगून बसलो होतो. बाजारात गेलो तर टोपलीमागे आबांची सून. बांगडे ओळखीचे.

“वहिनी, हे मी ओढलेत!”

“व्हय? मगे ताजे आसत तां सांगूक नको. दोनशेक वाटो.”

दोनशे दिले. घासाघीस करायला हातात ताकद नव्हती. निदान वर एक पेडवा तरी टाका म्हटलं. तिने टोपलीतून एक उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि पायाशी बसलेल्या मांजराला दिला.