सरासरीत आधार हरवतो

नव्या परिचारिकांना वॉर्डात मिळणाऱ्या आधारावरचा एक लेख वाचला; हा आधार एकाच सरासरी आकड्यात मांडण्याची त्यातली पद्धत पटली नाही. नव्या परिचारिकांचा अनुभव मोजणाऱ्या केसी-फिंक प्रश्नावलीत आधार, रुग्णसुरक्षा, ताण, संवाद-नेतृत्व हे घटक वेगळे ठेवलेत, ते उगीच नाही; एकत्र कालवले की नेमकं दुखणं दिसत नाही. त्यात उलट्या अर्थाची विधानंही असतात (‘कामाच्या ओझ्याने दडपून जाते’ अशा धर्तीची). 4 गुणांच्या श्रेणीवर (1 म्हणजे पूर्ण असहमत, 4 म्हणजे पूर्ण सहमत) त्यांचे गुण 5 वजा उत्तर असे फिरवायचे राहिले, तर बेरीजच चुकते. रुजू झाल्यावर 3, 6 आणि 12 महिन्यांनी मोजा. पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं. आणि फॉर्म इन्चार्ज सिस्टरकडे जमा करायला सांगू नका, सगळे 4 च येतील! नाइटला अडलं तर विचारायला कोण असतं, हा प्रश्न स्वतंत्र हवा.