जळजळतंय म्हणजे काम चाललंय, असं कोण सांगतं?

‘पार्लरला दहा हजार कशाला? काळेभोर केस एका रात्रीत प्लॅटिनम ब्लॉन्ड, घरच्या घरी!’ असा एक फॉरवर्ड सध्या गोव्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तो हळदीकुंकवाच्या फोटोंच्या मधोमध येऊन पडला, तेव्हा मी अंगठा फिरवून पुढे गेले होते. मग तोच माझ्या भाचीकडून आला. खाली तिचा मेसेज: ‘मावशी, कार्निव्हलच्या आधी करूया? पावडर मागवली आहे.’ मागवली आहे! विचारायच्या आधीच! तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मी फोंड्यात पार्लर चालवते, हे आधीच सांगून टाकते. कारण त्या फॉरवर्डचं शेवटचं वाक्य असं आहे की, ‘पार्लरवाले हे लपवतात, त्यांचा धंदा बसेल ना!’ अहो, माझा धंदा भुवया, फेशियल आणि लग्नसराईतला नवरीचा मेकअप यांवर चालतो. प्लॅटिनम, म्हणजे जवळजवळ पांढरे चंदेरी केस, करून घ्यायला फोंड्यात माझ्या दारात रांग लागलेली नाही आणि लागली तरी एकेका डोक्यामागे सहा-सात तास उभं राहायला माझी कंबर तयार नाही. लपवण्यासारखं यात काही नाही. ब्लीच पावडर, ती कालवायचा डेव्हलपर, ब्लीचनंतर छटा सुधारायचा टोनर, सगळं कॉस्मेटिकच्या दुकानात उघड मिळतं. पार्लरचे दर अवाच्या सवा असतात, हेही मान्य. काही ठिकाणी तर नुसतं ‘इंटरनॅशनल’ लिहून दुप्पट लावतात. पण महाग म्हणून कोणी घरी दाढ उपटत नाही.

आता फॉरवर्डमधले मुद्दे, एकेक करून.

‘मोरजीच्या रशियन बायका घरीच करतात, मग आपल्याला का जमू नये?’ कारण त्यांची सुरुवात कुठून होते ते बघा. ज्यांचे केस मुळातच फिकट तपकिरी किंवा गव्हाळ आहेत, त्यांना एका बैठकीत जिथे पोचता येतं, तिथे आपल्याला दोन-तीन बैठका लागतात, त्याही मध्ये काही आठवडे सोडून. केसातला रंग म्हणजे मेलॅनिन. त्यातलं काळं-तपकिरी मेलॅनिन ब्लीचपुढे आधी हार मानतं, तांबूस-पिवळं चिवटपणे मागे राहतं. म्हणून काळा केस उजळताना आधी तपकिरी, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा होतो. ही पायरी कोणालाच चुकत नाही. आमच्या कामात थांबायची खूण ठरलेली आहे: पिकल्या केळ्याच्या सालीची आतली बाजू. त्याच्यापुढे पांढराशुभ्र करायला गेलात तर रंगासोबत केसही जातो. फॉरवर्डमध्ये या पायऱ्यांचा उल्लेखच नाही, काळ्यावरून थेट चंदेरी! फोटो पण दोन वेगळ्या बायकांचे आहेत. कान बघा, कळेल.

यापुढचा मुद्दा वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. शब्द जसेच्या तसे देते: ‘४० व्हॉल्यूम डेव्हलपर घ्या. मुळांपासून टोकांपर्यंत भरपूर लावा. वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ड्रायरने गरम हवा द्या. बाथरूमचं दार बंद ठेवा, उष्णता टिकते. जळजळ झाली तर घाबरू नका, म्हणजे काम चाललंय. पांढरे होईपर्यंत धुवू नका.’

एवढ्या पाच-सहा वाक्यांत एक धड नाही.

व्हॉल्यूम म्हणजे त्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड किती आहे त्याचं माप. १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. युरोपियन युनियनचा सौंदर्यप्रसाधनांचा कायदा आहे, २००९ सालचा, क्रमांक १२२३. त्यात केसांसाठीच्या वस्तूंत पेरॉक्साइडची कमाल मर्यादा १२ टक्के घातली आहे. म्हणजे फॉरवर्ड तुम्हाला पहिल्याच फटक्यात छपराला टेकवतोय. त्याच यादीत, त्याच ठिकाणी, त्वचेवर लावायच्या वस्तूंची मर्यादा दिली आहे: ४ टक्के. शिवाय वेष्टनावर हातमोजे घालायची आणि डोळ्यांत गेल्यास लगेच धुवायची सूचना छापणं सक्तीचं आहे. आता मला सांगा, टाळू म्हणजे काय? त्वचाच ना? बारा टक्क्यांची बाटली मुळांना चोपडायची, वर पिशवी बांधायची आणि ड्रायर मारायचा, हे ज्याने लिहिलं त्याने स्वतःच्या डोक्यावर नक्कीच केलेलं नाही.

टाळूची स्वतःची ऊब असते. तिच्यामुळे मुळाजवळचा बोटभर केस बाकीच्यापेक्षा लवकर उजळतो. म्हणून शिकलेला माणूस आधी मधला भाग आणि टोकं करतो आणि मुळं अगदी शेवटी, कमी ताकदीच्या डेव्हलपरने. सगळीकडे एकदम लावलं की मुळं पिवळी आणि खाली नारिंगी, असा पट्टा उठतो. आणि पिशवीच्या आत मिश्रण वाळत नाही, म्हणजे थांबतही नाही. उष्णता दिली की रासायनिक क्रिया आणखी जोरात. हायलाइट करताना टाळू भाजून पुढे शस्त्रक्रिया करायची पाळी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भाजणं खोल गेलं की केसांची मुळंच मरतात. तिथे पुन्हा केस उगवत नाही, काळा नाही नि सोनेरीही नाही.

थोडी चुणचुण होते, हे खरं आहे. ब्लीच लावल्यावर बऱ्याच जणींना होते, मी नाकारत नाही. पण चुणचुण वेगळी आणि जळजळ वेगळी. चटका बसल्यासारखं वाटलं, एकाच जागी आग व्हायला लागली, की घड्याळाकडे न बघता धुवायचं. ब्लीच पावडरीत पेरसल्फेट नावाची रसायनं असतात. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं ती हुंगून दमा जडलेल्या कारागिरांबद्दल डॉक्टरांनी भरपूर लिहून ठेवलंय. एखादीच्या अंगावर त्याने गांधी उठतात, धाप लागते. आणि हे म्हणतात बाथरूमचं दार लावून घ्या!

दुसरा धोका मेंदीचा, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे. ‘मेंदी नैसर्गिक असते, ती ब्लीचच्या आड येत नाही, दोन महिन्यांत धुऊन जाते.’ धुऊन जाते? शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला चिकटतो, तो केसासोबतच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. भाचीचे केस पाठीपर्यंत आहेत, म्हणजे टोकं तीन-चार वर्षांपूर्वीची. आजीने परसातली मेंदी वाटून लावलेली अजून तिथे आहे, तिला वाटतं ती गेली. अशा केसांतून ब्लीच एका हट्टी नारिंगीपर्यंत येतं आणि तिथेच बसून राहतं.

ही झाली शुद्ध मेंदी. पुडीतली ‘काळी मेंदी’ म्हणजे वेगळंच प्रकरण. मेंदीची पानं काळा रंग देतच नाहीत. काळं होतंय म्हणजे त्यात नीळ आहे, नाहीतर रासायनिक डाय, नाहीतर धातूचे क्षार. निळीवर ब्लीच पडलं तर केस हिरवट होऊ शकतो. आणि धातूचे क्षार असलेल्या केसाला पेरॉक्साइड लागलं की तो तापतो, वाफा येतात, केस तुटून हातात येतो. पुडीवर सगळं लिहिलेलं असतंच असं नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि नेमका तोच फॉरवर्डमध्ये नाही. मी भाचीच्या फणीत अडकलेले केस घेतले, दोऱ्याने एक जुडी बांधली आणि प्लॅस्टिकच्या वाटीत २० व्हॉल्यूम आणि पावडर कालवून त्यात ठेवली. तिला शेजारी बसवलं. बुडबुडे आले नाहीत, वाटी तापली नाही. म्हणजे निदान धातूचं संकट नाही. पण अर्ध्या तासाने वरचा भाग विटकरी झाला होता, टोकं भडक नारिंगी, आणि दोन्हीच्या मध्ये एक रेघ, पट्टी लावून आखल्यासारखी सरळ. धुऊन एक ओला केस दोन्ही हातांत धरून ओढला. तो ताणत गेला, ताणतच गेला, आखडून परत आला नाही आणि तुटला. भाची म्हणाली, ‘हे तर वीसच होतं ना?’ हो बाये, वीसच.

‘नारिंगी झाले तरी हरकत नाही, टोनर पांढरे करतो.’ नाही करत. टोनर रंग काढत नाही, घालतो. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, निळा नारिंगीला. म्हणजे फिकट पिवळ्या केसावर जांभळा टोनर लावला तर तो मऊ, चंदेरीसर दिसतो. नारिंगी केसावर कितीही पर्पल शॅम्पू ओता, मळकट नारिंगी मिळेल. ब्लीचने जे केलं नाही ते टोनरकडून होणार नाही, या एका वाक्यात अर्धा फॉरवर्ड निकालात निघतो. शिवाय टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो. हॉटेलच्या तलावात रोज पोहणार असाल तर पाण्यातल्या तांब्याने फिकट केसांवर हिरवी झाक चढते. आमच्याकडच्या काही विहिरींचं पाणी बालदीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस थर बसतो. तेच लोह केसांतही बसतं, आणि असे धातू केसात असताना पेरॉक्साइड जास्तच नासधूस करतं.

‘आधी लिंबू आणि खाण्याचा सोडा लावून समुद्रावर उन्हात बसा, निम्मं काम फुकटात.’ लिंबू आणि सोडा एकत्र केले की फसफसून एकमेकांना संपवतात, उरतं खारट पाणी. नुसतं लिंबू लावून मिरामारला बसलात तर त्याहून वाईट. लिंबाच्या रसात असे घटक असतात की ऊन पडल्यावर कातडी भाजते. कपाळावरून, मानेवरून रस जिथे ओघळला तिथे दुसऱ्या दिवशी फोड आणि मग ओघळाच्याच आकाराचे काळे डाग, काही महिने.

‘खोबरेल लावून केलं की ४० व्हॉल्यूमही बाधत नाही.’ यात अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करायला मला जिवावर येतंय. मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतही. ही कंपनी खोबरेलच विकते, तेव्हा चिमूटभर मीठ घालून वाचा; पण आपल्या आज्या उगाच तेल चोपडत नव्हत्या. फक्त तो प्रयोग केस धुण्यापुरता होता. डोक्याला तेल लावलं म्हणून बारा टक्के पेरॉक्साइड आणि ड्रायर सोसतो, असं त्यात कुठेही नाही.

उरलेलं मिश्रण ‘झाकण घट्ट लावून पुढच्या वेळी वापरा’ असंही लिहिलंय. कालवलेल्या ब्लीचमधून वायू सुटत राहतो. बाटली फुटेल. फेकून द्या.

घरी काहीच करू नका, असं माझं म्हणणं नाही. पुढच्या दोन-चार बटा, टाळूपासून बोटभर सोडून, २० व्हॉल्यूमने, फॉइलमध्ये, दर पाच मिनिटांनी उघडून बघत. हे कोणीही सावध बाई करू शकते. आधी जुडीवर बघायचं. टोनरची पॅच टेस्ट कानामागे करून ४८ तास थांबायचं. भाचीशी माझा करार एवढ्यावर झालाय. बटा नारिंगीवर थांबल्या तर निळा टोनर मारून मधाच्या रंगाच्या ठेवायच्या, ओढून पांढऱ्या करायच्या नाहीत. तिने तोंड वाकडं केलंय, करू दे.

आणि हे वाचेपर्यंत कोणी करून बसली असेल तर फॉरवर्डमधला शेवटचा ‘उपाय’ तेवढा करू नका: ‘जास्त जळलं तर व्हिनेगर लावा, ब्लीच मरतं.’ ब्लीच अल्कधर्मी असतं, आम्लाने ते उदासीन होतं, हे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात ठीक. भाजलेल्या कातडीवर आम्ल ओतायचं नसतं. साधं गार पाणी, वाहतं, भरपूर, डोकं मागे करून, म्हणजे ओघळ तोंडावर येणार नाही. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं धुवत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. फोड आले, चेहरा सुजला, श्वास लागला, तरीही थेट दवाखाना. जाताना पावडरीचा डबा आणि डेव्हलपरची बाटली दोन्ही पिशवीत घाला. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.