विंडोज ७ टाकून जुना कॉम्प्युटर ‘नवा’ होतो का?

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून एक सल्ला ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘नवीन मशीन घेऊ नका, विंडोज ७ टाका. ते हलकं आहे, जुन्याच्या वाटेला हॅकर जात नाहीत आणि ते कुठेही चालतं.’

हलकं? विंडोज १० आलं तेव्हा त्याच्या किमान गरजा ७ च्याच होत्या: १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ३२ बिटला १ जीबी रॅम, ६४ बिटला २. फॉरमॅट मारून काहीही टाकलं तरी पहिले काही दिवस मशीन पळतंच. खरा खोळंबा बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे एसएसडी (चिपवर चालणारी, कितीतरी वेगवान डिस्क) बसवा, मग बोलू.

हॅकरांचं म्हणणं तर अगदीच उलटं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, त्यात सर्वाधिक मशीन विंडोज ७ चीच होती. तेही मार्चमध्ये पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, येऊन गेल्यावर! घरगुती वापरासाठीचे ७ चे पॅच जानेवारी २०२० मध्येच बंद झाले. दोन्ही विंडोजमधला बराच कोड सामायिक आहे. त्यामुळे १० मधलं भोक बुजवलं की तेच ७ मध्ये उघडं आहे का, हे शोधणाऱ्याला आयता पत्ता मिळतो. अँटीव्हायरस ते भोक बुजवत नाही. क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर अडकलेलं, आणि त्यावर नेटबँकिंग करायचं! शिवाय अशा सल्ल्यासोबत येणाऱ्या ‘लाइट’ आयएसओची (कुणीतरी काटछाट केलेल्या विंडोजच्या इन्स्टॉल फाइलची) पहिलीच सूचना असते, ‘अँटीव्हायरस बंद करा’. धन्य आहे.

‘कुठेही चालतं’ म्हणणाऱ्याने इंटेलच्या सहाव्या पिढीनंतरच्या मशीनवर मूळ डीव्हीडी लावून बघावी. तिच्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस बहुधा मुके होतात. एनव्हीएमई डिस्क (नव्या मशीनमधली वेगवान एसएसडी) तर त्या सेटअपला दिसतच नाही. ड्रायव्हर आधी घुसवून वाट काढता येते, पण ते नवशिक्याचं काम नव्हे.

पेजमेकर आणि जुन्या फाँटांवर चालणारं डीटीपीचं दुकान किंवा जुन्या सॉफ्टवेअरला बांधलेलं सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र) असेल, तर ७ खुशाल ठेवा. फक्त नेटची केबल काढा आणि पेन ड्राइव्ह दुसरीकडे तपासूनच लावा. बाकीच्यांनी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी; घरगुती वापराला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नाहीतर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावी, त्यासाठी डिस्कला हातही लावावा लागत नाही.