पिवळ्या हेडलाइटची कैफियत

गावाकडच्या रस्त्यावर रात्री जुनी गाडी काढली, की आपण येतोय हे रोह्याला, म्हणजे नीलगाईला, कळतं. रोही उभा आहे हे आपल्याला कळत नाही. बिनालाइटची बैलबंडी, कापसानं फुगलेली ट्रॉली, आडवं जाणारं रानडुक्कर, सगळं अंदाजानं चुकवायचं. मालक शिव्या घालतो बल्बला. ५५/६० वॉटचा काढून शंभराचा टाकतो. मग रस्त्यावर उजेड पोचो न पोचो, होल्डर मात्र वितळतो.

दोष बल्बच्या पुढच्या काचेचा. काच म्हणायची आपली सवय. असतं ते पॉलिकार्बोनेट. जुन्या जीपची काच खरीखुरी होती, फुटायची पण पिवळी पडायची नाही. अमेरिकेनं १९८३ साली नियम बदलून प्लॅस्टिकला परवानगी दिली आणि हळूहळू सगळीकडे तेच आलं. हे प्लॅस्टिक सहज फुटत नाही, पण ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर अतिनील किरण अडवणारा पातळ थर देतात. आपल्याकडचं ऊन तो थर खातं, आणि मग खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं.

घासायला बसलं की पानठेला रिकामा होतो. प्रत्येकाकडं औषध असतं. "टूथपेस्ट लाव ना भौ!" लावावी. ती बारीक खरवडते, वरवरचं धुकं निघतं. पण राहिलासाहिला थरही सोबत जातो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. "रॉकेल मार!" तेही मारून बघा, लगेच चकाकतं. ओरखड्यांत तेल भरलं की ते दिसत नाहीत, इतकंच. तेल उडालं की चमक गेली. थिनरवाल्याला मात्र तिथूनच परत पाठवावं. थिनरनं पॉलिकार्बोनेटला आतून केसासारख्या चिरा जातात, त्यावर इलाज नाही.

घासायच्या आधी एक बघून घ्यायचं: धुकं बाहेर आहे की आत? आत थेंब दिसत असतील तर मागचं रबरी झाकण गेलंय किंवा सील सुटलंय. मग बाहेरून कितीही घासा, हाताला व्यायाम होईल.

बाहेरचंच असेल तर आधी शाम्पूनं धुवायचं, आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावायची. इथं कंजूषपणा केला तर पुढचा खर्च बोनेटच्या रंगाचा. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारे पॉलिश पेपर, बादलीत दहा-पंधरा मिनिटं भिजवायचे, पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. थर सोलपटत असेल तर ८०० नंबरपासून, नुसतं धुरकट असेल तर १५०० पासून.

८०० चा पेपर फिरला की आधी पिवळसर पाणी गळतं. तो मेलेला थर. पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. अर्धवट सोडलं तर थराची कड नकाशासारखी राहते आणि रात्री दिवा लावला की ठळक दिसते. या टप्प्यावर हेडलाइट पहिल्यापेक्षा वाईट दिसतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी म्हणतो, "तुनं तं अजूनच बिघडवला ना बाप्पा!" त्याला उत्तर देऊ नये. पेपर बदलावा. १०००, १५००, २०००. दर वेळी दिशा बदलायची, आडवं मग उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. तेही पुसून, कोरडं करून बघायचं. ओला हेडलाइट सदा स्वच्छच दिसतो, रॉकेलवाली गंमत.

आता कारखान्याचा थर गेला, त्याच्या जागी दुसरं काही लावावं लागतं. पुढं दोन वाटा. मेण लावणार असाल तर ३००० पर्यंत जाऊन रबिंगची पेस्ट, मग पॉलिश. ड्रिलला फोम लावला असेल तर वेग कमी ठेवायचा आणि एका जागी थांबायचं नाही, प्लॅस्टिक तापून डाग पडतो. मेण दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, आणि तेवढा नेम आपल्यापैकी कितीजण पाळतात ते मला ठाऊक आहे. म्हणून माझी पसंती अतिनील रोखणाऱ्या टू-के क्लिअर स्प्रेला, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक लॅकरला. त्यासाठी २००० ला थांबायचं, पॉलिश करायचं नाही. क्लिअरला धरायला खरखरीत जागा लागते आणि पॉलिशचं तेल त्याला चिकटू देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पातळ दोन हात मारायचे, मधे दहा मिनिटं. वाफ विषारी असते, रुमाल बांधून भागत नाही, गॅसचा मास्क हवा.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं विहिरीचं पाणीच खारट तिथं, राहत असाल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्यानं करा, नाहीतर वाळल्यावर खारटाचे पांढरे ठिपके क्लिअरखाली कायमचे बसतात. मुहूर्तही बघावा लागतो. मे महिन्यात क्लिअर पसरायच्या आत वाळतं, पावसाळ्यात दमटपणानं पांढुरकं पडतं, आणि सोयाबीनच्या मळणीत सगळा भुसा त्यावरच येऊन बसतो. दिवाळीनंतर, थ्रेशर गावातून गेल्यावर, सकाळची सावली उत्तम.

चोवीस तास हात लावायचा नाही, धुवायचं नाही. घरात हे आधीच सांगून ठेवा. गाडी नव्यासारखी दिसली की कोणीतरी आरतीचं ताट घेऊन येतंच, आणि ओल्या क्लिअरवर पडलेली हळद ८०० नंबरशिवाय निघत नाही.