शिक्का कुठाय?

आज परत तोच प्रश्न ऐकला आणि डोकं फिरलं. माझ्यापुढे एक काका उभे, हातात बायकोच्या मृत्यूचा दाखला, ऑनलाइन काढलेला, खाली क्यूआर कोड, आणि खिडकीतला माणूस म्हणतोय यावर शिक्का कुठाय, ओरिजिनल आणा. अहो, हेच ओरिजिनल आहे!

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा याच खिडकीत मी उभी होते. हाच दाखला, हाच प्रश्न. रडायच्या बेतात होते. आतल्या टेबलावरच्या एक मॅडम उठून आल्या, दाखला बघितला आणि दाखला देणाऱ्या ऑफिसातल्या एका बाईंना सरळ मोबाइलवरून फोन लावला. कुठल्याशा ट्रेनिंगला दोघी शेजारी बसलेल्या म्हणे. "अगं, तुमचा तो कोडवाला दाखला, तो तपासायचा कसा गं?" दोन मिनिटं. त्या दिवसापासून तिथे ते दाखले चालायला लागले. परिपत्रक तर आधीपासून भिंतीवर होतं!

नवीन सेवा काढताना शेजारच्या खात्याला कोणी विचारतच नाही. उद्घाटन होतं, ॲप येतं, पण तो कागद हातात घेऊन ज्याला सही करायचीय त्याला कोण सांगणार? उद्या काही निघालं तर चौकशी त्याचीच होणार, मग तो शिक्काच मागणार ना. त्या खिडकीतल्या माणसावर मी मघाशी उगाच एवढी चिडले.

एस्टोनियात 2001 पासून एक्स-रोड नावाची सरकारी खात्यांना एकमेकांशी जोडणारी यंत्रणा आहे, प्रत्येक खातं आपली माहिती आपल्याकडेच ठेवतं पण दुसऱ्याला लागली की तिथूनच मिळते, एकदा दिलेली माहिती लोकांकडे परत मागायची नाही. शेजारच्या फिनलंडनेही तेच घेतलं, आणि 2017 मध्ये दोघांनी ते सांभाळायला एक संस्थाच काढली. दोन देशांना जमतं, दोन खात्यांना नाही?

हो, ओळखीवर कामं व्हायला लागली की वशिलाही वाढतो, मान्य. पण मॅडमनी वशिला नव्हता लावला, फक्त विचारलं होतं.

त्यांची बदली झालीय. त्यांच्यासोबत तो फोन नंबरही गेला.

मग मीच काकांना आत नेलं. मॅडमच्या जागी एक नवा मुलगा आहे, त्याला म्हटलं, स्कॅन तर करून बघ बाळा. त्याने केलं. नाव आलं. काका स्क्रीनवरचं बायकोचं नाव कितीतरी वेळ बघत राहिले.

निघताना त्या मुलाला विचारलं, त्या ऑफिसातलं कोणी ओळखीचं आहे का तुझ्या? नाही म्हणाला.